पाना ठेवून जातो

धम्मानंदचा मोठा पाना प्रतापनगरात गोपाळरावांच्या बाथरूममध्ये होता. भिंत फोडायची मशीन मानेवाड्यात कुसुमताईंच्या जिन्याखाली होती. पाइपाला आटे पाडायची डाय लकडगंजात ताराचंदच्या गल्ल्याशेजारी होती. स्वतः धम्मानंद मोटरसायकलवर होता आणि त्याच्या पिशवीत टेफ्लॉन टेपची अर्धी गुंडाळी होती. नागपुरात ज्याची सगळे वाट पाहत होते त्या प्लंबरची बुधवारी सकाळची परिस्थिती ही अशी होती.

चोरी वगैरे काही झालेली नव्हती. सगळी हत्यारं त्यानं स्वतःच्या हातानं, हसतमुखानं ठेवली होती. धंद्याची ती रीतच आहे. काम अर्धं सोडून जायची वेळ आली की कारागीर म्हणतो, "उद्या येतो." गिऱ्हाईक त्याच्याकडे असं बघतं, की हा आता थेट विमानतळावर जाणार. मग कारागीर पिशवीतलं एक जड हत्यार काढून कोपऱ्यात ठेवतो आणि म्हणतो, "हे घ्या, पाना ठेवून जातो." गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडतो. आपल्यासाठी नाही, पण पान्यासाठी तरी येईल!

ही युक्ती धम्मानंदला त्याच्या उस्तादानं शिकवली. उस्तादाकडे पाने भरपूर होते आणि गिऱ्हाइकं मोजकी. धम्मानंदच्या काळात हे प्रमाण उलटं झालं, रीत मात्र तशीच राहिली.

उलटं झालं ते का, हे समजायला फार हुशारी लागत नव्हती. नागपूर चारी बाजूंनी वाढत होतं. जिथं संत्र्यांची झाडं होती तिथं आता बाथरूम होती, आणि एकेका फ्लॅटला दोन-दोन, तीन-तीन. त्यांत नळ बसवणारे मात्र वाढले नव्हते. धम्मानंदच्या आयटीआयच्या बॅचमधला एक जण दुबईला होता, एक पोलिसात, एक पुण्याला, आणि रजत नावाचा त्याचा जिगरी दोस्त लाल टीशर्ट घालून लोकांच्या घरी बिर्याणी पोहोचवत होता. इंदोऱ्यात धम्मानंदच्या गल्लीतली पोरं अभ्यासिकेत बसून कलेक्टर व्हायची तयारी करत होती. एकदा अभ्यासिकेचा नळ गळायला लागला. तो दुरुस्त करायला धम्मानंदच गेला, तर आतल्या भावी कलेक्टरांनी त्याला ठोकाठोक हळू करायला सांगितली.

यंदाच्या चौदा एप्रिलला तर कहर झाला. पांढरा झब्बा घालून, आई कौसल्याबाईंसोबत तो जयंतीच्या मिरवणुकीत उभा होता. ढोल वाजत होते. तेवढ्यात मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. "जय भीम धम्माभाऊ, बरे सापडले. इथंच आहे घर, मागच्या गल्लीत. फक्त पाहून घ्या." धम्मानंदनं फक्त पाहून घेतलं. मिरवणूक संपली तेव्हा तो एका अनोळखी मोरीत गुडघ्यावर बसलेला होता आणि झब्बा आता पांढरा नव्हता.

त्याच आठवड्यात त्यानं जाहिरात वाचली. सावनेरच्या एका खाजगी आयटीआयला प्लंबर ट्रेडसाठी निदेशक पाहिजे होता. निदेशक म्हणजे शिकवणारा. दहा ते पाच. पाच वाजता घंटा वाजते आणि सगळे घरी जातात. धम्मानंदनं आयुष्यात कुठल्याच कामाचा शेवट पाहिलेला नव्हता. ती घंटा त्याच्या डोक्यात अशी बसली, की तो गाडी चालवतानाही ऐकायचा. शिवाय त्याला शिकवायला आवडलं असतं. नळाशी बोलून बोलून तो कंटाळला होता. नळ ऐकून घेतो, पण त्यातून दुसरा प्लंबर तयार होत नाही.

निवड चाचणी गुरुवारी सकाळी होती. पत्रात खाली एक ओळ होती: उमेदवाराने स्वतःची हत्यारे सोबत आणावीत.

म्हणून बुधवारी सकाळी तो आधी गोपाळरावांकडे गेला.

गोपाळराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांच्या बाथरूमच्या भिंतीतला पाइप फुटला होता आणि ते स्वयंपाकघरात, गॅसच्या बाजूला उभं राहून आंघोळ करत होते. बायको लेकीकडे गेली होती म्हणून हे जमत होतं.

"ये गा ये," गोपाळराव पंच्यावरच म्हणाले. "मशीन आणली?"

"मशीन आणाले जाऊन राहिलो काका. फक्त पाना घ्यायले आलो."

"पाना?" गोपाळराव दारात आडवे झाले. "पाना गेला की तू गेला. आधी भिंत फोड, मंग पाना ने."

"भिंत फोडाले मशीन पाहिजे ना काका. मशीन मानेवाड्यात आहे."

"मंग मशीन घेऊन ये. पाना कुठं पळून नाही चालला. मी रोज पुसतो त्याले."

पाना खरंच चकचकीत दिसत होता.

मानेवाड्यात कुसुमताईंच्या गच्चीवर टाकी नवी होती, पण तिचं पाणी खाली येत नव्हतं, कारण मधे पाइपच नव्हता. धम्मानंदनं भिंतीला भोकं पाडून दिली होती, पण पाइपाला आटे पाडायचे राहिले होते. कुसुमताईंनी मशीनवर जुनी साडी घातली होती आणि तिच्यावर मनीप्लांटची कुंडी ठेवली होती.

"मशीन कुठं निघाली?" त्यांनी विचारलं.

"प्रतापनगरात एक भिंत फोडतो, ताई, अन् आणून देतो."

"काहून? माझ्या घरचं पाणी प्रतापनगरातून येते का? आधी माझा पाइप लावा."

"त्याले डाय लागते ताई. ती लकडगंजात आहे."

"मंग लकडगंजात जा, इथं काय करून राहिले?"

लकडगंजात ताराचंदचं प्लायवूडचं दुकान होतं. वरच्या मजल्यावरच्या मोटरचा एक जोड गंजून असा जाम झाला होता, की तो सोडवायला मोठाच पाना लागला असता. ताराचंदनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, डाय उचलली, गल्ल्याच्या आत ठेवली आणि चावी खिशात टाकली.

"धम्माभाऊ, आपला तर सीधा हिसाब आहे. पाना आणा, जोड खोला, डाय घेऊन जा."

"पाना गोपाळराव देत नाही ना सेठ. ते म्हणतात मशीन आण. मशीनवाल्या ताई म्हणतात डाय आण."

ताराचंदनं थोडा विचार केला. "म्हणजे सगळ्यांचं बरोबर आहे," तो म्हणाला. "फक्त तुमचं चूक आहे."

दुपारी धम्मानंद घरी येऊन कूलरसमोर बसला. ऊन असं होतं की कूलरही गरम श्वास सोडत होता. उद्याच्या परीक्षेला अर्धी टेप घेऊन जाणं म्हणजे ढोलपथकात नुसती काडी घेऊन जाणं. नवी हत्यारं घ्यावीत तर तेवढे पैसे नव्हते, कारण अर्ध्या कामांचे पैसे कोणी देत नाही, आणि त्याची सगळीच कामं अर्धी होती.

कौसल्याबाईंनी सगळा वृत्तांत ऐकला. त्या आयुष्यभर विडी कारखान्यात काम केलेल्या बाई. अडचण म्हटली की त्या आधी पदर खोचत, मग विचार करत.

"त्या कुसुमताईकडे टीव्ही आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे ना. भिंतभर आहे."

"मंग मले ठेव."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? मशीन सोडव, मले ठेव. तू मायले सोडून पळशील का? नाही ना? मंग मशीनपेक्षा मी पक्की." त्या पिशवी भरायला लागल्या. "फक्त माही बीपीची गोळी दे आठवणीनं."

धम्मानंदनं नाही म्हणायचा प्रयत्न केला. पण नाही म्हणता आलं असतं तर त्याची ही वेळच आली नसती.

कुसुमताईंना हा बदल एकदम पटला. त्यांनी कुंडी उचलली, साडी काढली, मशीन धम्मानंदच्या हाती दिली आणि कौसल्याबाईंना सोफ्यावर, बरोबर टीव्हीसमोर बसवलं. "चहा घेता ना वं बाई? मशीन तर काहीच घेत नव्हती."

मग तो प्रतापनगरात गेला. गोपाळरावांना मशीन दिसताच ते बाही वर करायला लागले. धम्मानंदनं त्यांना सांगितलं, की भिंत उद्या संध्याकाळी, आज फक्त पाना हवा आहे, सावनेरला परीक्षा आहे.

"परीक्षा? या वयात?" गोपाळरावांना धक्का बसला. "अन् पास झाला तर?"

"तर नोकरी लागन काका."

"मंग माही भिंत?"

"रविवारी करीन ना. रविवारी सुट्टी राहते."

गोपाळरावांना हे काही आवडलं नाही. शेवटी धम्मानंदनं खिशातला मोबाइल काढून त्यांच्या हातावर ठेवला. तेवढ्यात तो वाजला. गोपाळरावांनी सवयीनं उचलला. वीज मंडळात त्यांनी नोकरीभर तक्रारीच ऐकल्या होत्या. "हॅलो. हो, प्लंबर. काय तक्रार आहे? ... कधीपासून? ... बरं, पत्ता सांगा." त्यांनी चष्मा शोधला, डोळे चमकले आणि त्यांनी दुसऱ्या हातानं पाना धम्मानंदच्या दिशेनं सरकवला. निरोपही घेतला नाही.

पाना हातात आला होता, पण तो जाम जोड सोडवायला अर्धी रात्र गेली असती आणि सकाळी परीक्षा होती. ताराचंदकडे ठेवायला आता धम्मानंदजवळ मोटरसायकलच उरली होती. ताराचंदनं ती दुकानाच्या आत घेतली, प्लायवूडच्या थप्पीला टेकवून उभी केली आणि डाय बाहेर काढून दिली. "माझ्या मते," तो म्हणाला, "डायपेक्षा हा सौदा बरा आहे."

धम्मानंद तीन जड हत्यारं खांद्यावर घेऊन रस्त्यावर आला. सगळं त्याचंच होतं, आणि घरी जायला त्याच्याजवळ आता आई, फोन आणि गाडी यांपैकी काहीच नव्हतं. तेवढ्यात ताराचंदसाठी पनीरची भाजी घेऊन लाल टीशर्टवाला रजत आला.

"अबे धम्मा, तू पायी? गाडी कुठं आहे?"

"गहाण."

"अन् फोन लावून राहिलो तर कोण म्हातारा उचलून राहिला? मले म्हणे तुमची तक्रार नोंदवली आहे."

धम्मानंदनं सगळं सांगितलं. रजत आधी पोट धरून हसला, मग म्हणाला, "सकाळी मी सोडतो तुले सावनेरले. सकाळच्या वेळी लोकं बिर्याणी खात नाही."

तर गुरुवारी सकाळी ते दोघं कोराडीच्या पुढे निघाले. हत्यारं मागच्या चौकोनी डब्यात होती. तो डबा जेवण गरम ठेवण्यासाठी बनवलेला होता, त्यामुळे सावनेरला पोहोचल्यावर पाना बाहेर काढला तर तो भाजत होता.

आयटीआयचे प्राचार्य गणपतराव आणि संचालक मंडळाच्या प्रेमलता मॅडम, दोघंही रोज नागपूरहून ये-जा करणारे. ते कार्यशाळेत पंख्याखाली बसले होते. त्यांच्या मागे काचेच्या कपाटात पाने, डाय, मशीन, सगळं नवंकोरं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं होतं.

"सर, हत्यारं तर इथंही आहेत," धम्मानंद म्हणाला.

"ती तपासणी पथकाला दाखवायची आहेत," गणपतराव म्हणाले. "वापरली तर वापरलेली दिसतील."

मग त्यांनी यादी पाहिली आणि पेन ठेवलं. धम्मानंदशिवाय कोणी आलंच नव्हतं. दुसरं कोणी आलं नाही याचं त्यांना आश्चर्य वाटलं नाही. अडचण वेगळी होती.

"एकच उमेदवार चालत नाही," ते म्हणाले. "निवड म्हणजे दोघांतून एक. एकातून एक घेतला तर ती निवड नाही, तो स्वीकार झाला. नियमात बसत नाही."

धम्मानंदच्या डोक्यातली घंटा बंद पडली. एवढं सगळं गहाण ठेवून इथवर यायचं, आणि आपल्याला हरवायला कोणी नाही म्हणून हरायचं! त्यानं दाराकडे पाहिलं. दारात रजत डबा पुसत उभा होता.

"सर, हा पण आयटीआयच आहे," धम्मानंद म्हणाला. "माझ्याच बॅचचा. प्लंबर ट्रेड."

"मी तर ह्याले सोडाले आलो," रजत म्हणाला.

"प्रमाणपत्र आहे का?" प्रेमलता मॅडमनी विचारलं.

ते रजतच्या मोबाइलमध्ये होतं. अशा रीतीनं दोन उमेदवार झाले आणि गणपतरावांनी पेन उचललं.

चाचणी सोपी होती. एक पाइप मापानं कापायचा, आटे पाडायचे, वळणाला कोपर लावून नळ बसवायचा आणि पाणी सोडून दाखवायचं. धम्मानंदनं काम सुरू केलं आणि त्याला एक विलक्षण गोष्ट जाणवली. कोणी मागे उभं राहून, "हे झालं की ते पण पाहून घ्या" म्हणत नव्हतं. त्यानं एक काम सुरू केलं आणि तेच काम संपवलं. नळ उघडला. पाणी सरळ, गुपचूप आलं. त्याला स्वतःलाच गहिवरून आलं.

रजतनं त्याचीच हत्यारं घेतली, त्याच्याकडेच पाहत पाहत नळ बसवला आणि पाणी सोडलं. पाणी नळ सोडून बाकी सगळीकडून आलं. एक धार प्रेमलता मॅडमच्या चपलेपर्यंत गेली.

"प्रेशर चांगला आहे, मॅडम," रजत म्हणाला.

मुलाखतीत धम्मानंदनं जीव ओतला. रोज यायची तयारी आहे का? आहे. मुलांना सांभाळाल का? सांभाळीन. मग प्रेमलता मॅडमनी विचारलं, "तुम्ही त्रिमूर्तीनगरच्या बाजूला जाता का हो कामाला?" अनुभवाची चौकशी चाललीय असं वाटून धम्मानंद ताठ बसला. "मॅडम, नागपुरात असा भाग नाही जिथं मी गेलो नाही. बंद पडलेला फ्लश असो, भिंतीतली गळती असो, एकदा हात लावला की पुन्हा गळत नाही." गणपतरावांनी सहज म्हणावं तसं म्हटलं, की त्यांच्या कार्यालयातला फ्लश हिवाळ्यापासून वाहतोय. धम्मानंद उठला, आत गेला, आणि बाहेर आला तेव्हा आवाज थांबलेला होता. त्या क्षणी त्याला आपण जिंकलो असं वाटलं. मुलाखतीत केलेली ती त्याची एकमेव चूक होती.

थोड्या वेळानं दोघांना आत बोलावलं.

"आम्ही रजतला घ्यायचं ठरवलं आहे," गणपतराव म्हणाले.

रजतनं मागे वळून पाहिलं, दुसरा कोणी रजत आलाय का ते.

"सर," धम्मानंद म्हणाला, "याच्या नळातून तर पाणीच नाही आलं."

"तेच तर सांगून राहिलो ना." गणपतरावांचा कार्यालयीन आवाज गेला आणि घरचा आला. "याले इथं आणलं तर नागपूरचं काही नुकसान नाही. तुले आणलं अन् दहा ते पाच बसवून ठेवलं, तर आमच्या घरी कोण येईन? माह्या घरचा शॉवर मागच्या दिवाळीपासून बंद आहे. इतके प्लंबर शोधले, कोणी भेटत नाही."

"आमचं बेसिन," प्रेमलता मॅडम म्हणाल्या. "खाली बादली ठेवली आहे. पाहुणे आले की बादलीवर टेबलक्लॉथ घालते मी."

"पण मॅडम, मुलं काय शिकतील?"

"पास होतात हो मुलं. आमचा निकाल दरवर्षी शंभर टक्के असतो."

धम्मानंदला राग सहसा येत नसे. आला तरी त्याला वेळ नसे. आज मात्र त्याला वेळही होता. "मॅडम, ही पोरं शिकली तरच तुमच्या घरी यायले कोणी तयार होईन ना? मी एकटा किती घरी पुरू? मले इथं बसू द्या, पुढच्या वर्षी वर्गभर प्लंबर बाहेर काढतो. तुमच्या बेसिनले रांग लावतो."

प्रेमलता मॅडमनी खरंच विचार केला. हे कबूल केलं पाहिजे. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, जिथं निळ्या शर्टातली पोरं झाडाखाली मोबाइल पाहत बसली होती.

"पटतंय मला," त्या म्हणाल्या. "पण त्याला वर्ष लागेल. बेसिन आज गळतंय."

मग दोघांनी त्याचा नंबर मागितला. त्यानं दिला. गणपतरावांनी तिथल्या तिथं लावून खात्री केली आणि फोनवर थोडा वेळ बोलून त्यांनी आदरानं मान डोलावली. "तुमच्या ऑफिसातले साहेब म्हणतात, पुढच्या महिन्यातली तारीख मिळेल. चांगली व्यवस्था ठेवली तुम्ही."

दोघं परतीच्या रस्त्याला लागले. एका टपरीवर रजतनं गाडी थांबवली. तर्रीपोहे घेतले. रजतचे तसेच राहिले.

"मी नाही म्हणून सांगतो त्याहीले," तो म्हणाला. "तुही नोकरी आहे बे ती."

"नाही म्हण," धम्मानंद म्हणाला.

रजतनं मान खाली घातली. चमचा पोह्यांत रोवला, काढला, पुन्हा रोवला. "धम्मा, कालच्या उन्हात मी एका बिल्डिंगचे जिने चढलो. लिफ्ट बंद होती. लिफ्टवाला मिळून नाही राहिला म्हणे त्याहीले. वर गेलो तर बाई म्हणे रायता काहून सांडला. मोबाइल सांगते डावीकडे वळ, मी वळतो. थांब म्हणते, थांबतो. मले बी वाटते बे, पाच वाजता कोणीतरी म्हणावं, झालं, जा आता घरी."

धम्मानंद त्याच्याकडे पाहत राहिला. लाल टीशर्टवर घामाचे पांढरे नकाशे उमटले होते. ही घंटा आपल्या एकट्याच्याच डोक्यात वाजते असं त्याला आजवर वाटत होतं. आणि रजतनं नाही म्हटलं तरी पद त्याच्याकडे येणार नव्हतं. पुन्हा जाहिरात, पुन्हा चाचणी, आणि पुन्हा कोणाच्या तरी घरचं बेसिन.

"पोहे खा," तो म्हणाला. "थंडे होऊन राहिले."

"मले काहीच येत नाही ना पण. सोमवारी पोरं समोर बसतीन. मी काय सांगू त्याहीले? रायता कसा सांडू नये ते?"

"रविवारी ये. प्रतापनगरले. भिंत फोडतो."

गहाण ठेवलेल्या वस्तू परत आणायला धम्मानंद त्याच संध्याकाळी निघाला, तर वेगळीच भानगड. ताराचंदनं मोटरसायकल दिली, पण जोड खोलून घेतल्यावरच; तेवढं एक काम खरंच पूर्ण झालं. कौसल्याबाई मात्र हलायला तयार नव्हत्या. "पाइप लागू दे ना आधी," त्या रिमोट हातात घट्ट धरून म्हणाल्या. "शब्द म्हणजे शब्द. अन् आज महाअंतिम भाग आहे." कुसुमताई स्वयंपाकघरातून ओरडल्या, की राहू द्या त्यांना, पाण्याची तशी घाई नाही आता. गोपाळरावांनी तर मोबाइलला स्वतःच्या घरचा चार्जर लावला होता आणि दारावरच्या पाटीखाली एक कागद चिकटवला होता: तक्रार नोंदणी, सकाळी नऊ ते एक. धम्मानंदनं फोन मागितला तेव्हा ते दुखावले.

"अरे, तू फोन उचलतच नव्हता म्हणतात लोकं. माह्यामुळे तुही किती इज्जत वाढली, पाह्य. पार उमरेड रोडपर्यंत नाव गेलं. भिंतीचं काय, होईन सावकाश. गॅसजवळ आंघोळीची सवय झाली आता. चहा पण होते."

ज्या ज्या गोष्टी त्यानं अडकवून ठेवल्या होत्या त्या सगळ्या मजेत होत्या.

रविवारी रजत आला तो स्वतःचा पाना घेऊनच. दुकानातून सरळ आणलेला, लेबलसकट. बाथरूम एवढंसं होतं, की दोघं एका वेळी आत उभे राहू शकत नव्हते. म्हणून धम्मानंद आत, फोडलेल्या भिंतीसमोर उकिडवा, आणि रजत उंबऱ्यावर, मोबाइलमध्ये सगळं टिपून घेत. मशीनच्या धुळीनं दोघंही पांढरे झाले होते. हॉलमधून गोपाळरावांचा आवाज येत होता: "नाही, आज नाही जमणार. साहेब ट्रेनिंगमध्ये आहेत."

भिंतीच्या आत जुना पाइप दिसला. गंजलेला, हिरवा पडलेला. त्यातलं पाणी धम्मानंदच्या मांडीवर पडत होतं.

"आता हा पुढचा तुकडा सोडवायचा," धम्मानंद म्हणाला. "तू काय करशील?"

"पाना लावीन अन् फिरवीन."

"अन् मागचा पण फिरन. भिंतीच्या आत तुटन, आणखी दोन फूट भिंत जाईन, वरून गोपाळराव तुह्या छातीवर बसन. तुहा पाना दे इकडं." त्यानं नवा पाना घेतला, मागच्या पाइपावर बसवला आणि दांडा रजतच्या हातात दिला. "धर. गच्च. हलू द्यायचा नाही. ताकद लावायची नाही, फक्त हलू द्यायचा नाही." मग स्वतःचा मोठा पाना पुढच्या पाइपावर चढवला आणि अंग टाकलं. जोड करकरला. रजतनं दांडा धरून ठेवला. आणखी एक झटका, आणि पुढचा तुकडा हळूच फिरून धम्मानंदच्या हातात आला.

"समजलं?" धम्मानंदनं विचारलं. त्याचा आवाज जरा मोठा झाला होता, मागच्या बाकावर ऐकू जावा इतका. "नेहमी दोन पाने. एकानं मागच्याले धरून ठेवलं, तरच पुढचा सुटतो."

"थांब थांब, लिहून घेतो," रजत म्हणाला. "पुन्हा सांग. हळू."

धम्मानंदनं पुन्हा सांगितलं. हळू. रजतनं अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. सोमवारी ते वाक्य सावनेरला जाणार होतं.